किंमत ठरवण्याचा हक्क

जुन्या टायरचा तळ कापून त्याला पट्टे ठोकलेली चप्पल इथिओपियात नवी नाही. अदिस अबाबाचा मर्कातो हा आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. टायरचे ढीग शेजारी रचून बसलेले कारागीर ही चप्पल तिथे वर्षानुवर्षं कापत आणि विकत आले आहेत. सेलाते किंवा बाराबासो या नावांनी ती ओळखली जाते. शेतकऱ्याच्या, हमालाच्या, शिपायाच्या पायात ती असायची. आपल्या आठवडी बाजारातही टायरच्या सोलची चप्पल मिळते, ती किती टिकते हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ती गरिबाची चप्पल, तेव्हा किंमतही गरिबाची. कापणाऱ्याच्या हाताला त्यातून दिवसाची चूल पेटण्याइतकं मिळालं तरी खूप.

बेथलेहेम तिलाहुन अलेमू यांनी २००५ साली याच चपलेवर 'सोलरेबेल्स' ही कंपनी उभी केली. (इथिओपियात आडनाव नसतं, दुसरं नाव वडिलांचं असतं. म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे मीही त्यांचा उल्लेख बेथलेहेम असाच करणार आहे.) २०११ साली जागतिक आर्थिक मंचाने त्यांना 'यंग ग्लोबल लीडर' ठरवलं. पुढे फोर्ब्सच्या याद्या, पुरस्कार, भाषणांची आमंत्रणं असं सगळं आलं. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक लोक 'टाकाऊतून टिकाऊ', 'गरीब वस्तीतली मुलगी', 'सामाजिक उद्योजिका' या तीन शब्दप्रयोगांत त्यांची कारकीर्द आटोपतात. मला त्यातलं खरं काम वेगळं वाटतं. टायर पुन्हा वापरायची कल्पना त्यांची नव्हती, ती मर्कातोतल्या कारागिरांची. बेथलेहेम यांनी हात घातला तो किमतीला. अदिस अबाबातल्या झेनेबेवर्क या त्यांच्या वस्तीत बनलेल्या चपलेची किंमत, नाव आणि दुकान यांचा निर्णय झेनेबेवर्कमध्येच होईल असा आग्रह त्यांनी धरला. कारागिरांचं भलं करू पाहणाऱ्या प्रत्येक सरकारने, संस्थेने आणि बड्या ब्रँडने या एका कसोटीवर स्वतःला तपासून घ्यावं, असं मला वाटतं. त्यात आपण महाराष्ट्रातलेही आलो.

झेनेबेवर्क ही वस्ती काय आहे, हे आधी पाहायला हवं. अदिस अबाबाच्या या भागाला सम्राट हेले सेलासी यांच्या मुलीचं नाव आहे. तिच्याच नावाने १९३०च्या दशकात तिथे कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय सुरू झालं. १९६५पासून त्याच जागी 'अ‍ॅलर्ट' ही कुष्ठरोगावर संशोधन आणि प्रशिक्षण करणारी मोठी संस्था आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक उपचारासाठी आले आणि त्यातले पुष्कळ परत गेलेच नाहीत, कारण बरं झाल्यावरही गाव त्यांना घेत नव्हतं. रुग्णालयाच्या आसपास त्यांची घरं झाली. कुणी सूत कातलं, कुणी विणलं, कुणी शहरात जाऊन हात पसरला. बेथलेहेम याच भागात वाढल्या आणि त्यांचे आईवडील स्थानिक रुग्णालयात नोकरीला होते. युनिटी विद्यापीठातून त्यांनी हिशेबशास्त्राची पदवी घेतली. नोकरीत स्थिरावणं सोपं होतं. त्यांनी आजीच्या जागेत चार-पाच कामगार घेऊन, घरच्यांनी जमवलेल्या साधारण दहा हजार डॉलरच्या आत, चपला बनवायला घेतल्या.

मराठी वाचकाला इथे वरोरा आठवल्याशिवाय राहणार नाही. बाबा आमटे यांनी १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. कुष्ठमुक्त माणसाला भीक नको, काम हवं, हा तिचा पाया होता. आनंदवनातली शेती, माग आणि कार्यशाळा त्यातूनच उभ्या राहिल्या. झेनेबेवर्कमधल्या माणसांची गरजही हीच होती. पण अशा हातांनी बनवलेल्या वस्तूचं बाजारात काय होतं, याचाही विचार व्हायला हवा. ती वस्तू बहुधा दयेपोटी घेतली जाते. दिवाळीच्या आधी प्रदर्शन लागतं, आपण एक टेबलक्लॉथ आणि दोन पिशव्या घेतो आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात घरी येतो. पुढच्या वर्षापर्यंत त्या विणकराची आठवण आपल्याला येत नाही. दयेचं गिऱ्हाईक एकदाच येतं. दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक हे चप्पल पायाला बसली, पावसात टिकली आणि दिसायला आवडली म्हणून येतं. दान घेणारी संस्था पहिल्या गिऱ्हाइकावर तग धरू शकते, कारागीर मात्र दुसऱ्याच गिऱ्हाइकावर जगतो. बेथलेहेम यांनी सुरुवातीपासून दुसऱ्या गिऱ्हाइकाचा विचार केला आणि त्यांची कंपनी मदतकार्याच्या वर्तुळातून बाहेर पडली ती त्यामुळेच.

हे कसं घडलं ते चपलेतच दिसतं. तळ टायरचाच राहिला, पण त्यावर पावलाच्या आकाराचा मऊ थर आला आणि वरच्या भागाला हातसुताचं कापड आलं. इथिओपियात सूत कातण्याचं काम बायकांचं. चातीवर कातलेलं ते सूत पुरुष विणकर खड्डामागावर विणतात आणि त्यातून शम्मा, नेतेला, गाबी अशी अंगावर घ्यायची वस्त्रं होतात. तेच कापड चपलेच्या पट्ट्यांना आणि बुटाच्या अंगाला लागलं. दक्षिण इथिओपियात एन्सेट नावाचं केळीसारखं दिसणारं झाड दारोदारी असतं. त्याला खाण्याजोगं फळ येत नाही. खोडाचा आणि कंदाचा गर आंबवून कोचो नावाची भाकरी करतात. हा गर खरवडताना जो धागा निघतो, तोही बुटात आला. लष्कराच्या जुन्या गणवेशांचं कापड आलं, देशी कातडं आलं. यात मोठं यंत्र नाही, वीज कमी लागते आणि दर जोडीला माणसाचे हात भरपूर लागतात. रचनाकार म्हणून बेथलेहेम यांचं कौशल्य मला इथे दिसतं. ज्या गोष्टी त्या वस्तीत आणि त्या देशात आधीच होत्या, त्यांतून त्यांनी असा जोडा घडवला, की व्हिएन्नातला किंवा कॅलिफोर्नियातला तरुण तो फॅशन म्हणून पायात घालील आणि कारागिराचं मूळ कसबही त्यात शाबूत राहील.

काळही कठीण होता. २०००च्या आसपास चीनमधून आलेल्या स्वस्त बुटांनी मर्कातोतल्या चांभारकामाचा कणा मोडत आणला होता. स्वस्ताईच्या शर्यतीत इथिओपियन कारागीर जिंकणं शक्यच नव्हतं. बेथलेहेम त्या शर्यतीत उतरल्याच नाहीत. त्यांनी माल अमेरिकेत नेला. होल फूड्स आणि अर्बन आउटफिटर्ससारख्या दुकानांत आणि अ‍ॅमेझॉनवर तो विकला गेला. अमेरिकेच्या 'अगोआ' या २०००सालच्या कायद्याने आफ्रिकी मालावरचं आयातशुल्क माफ होतं, त्याचा मोठा आधार झाला. मग मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं पाऊल त्यांनी उचललं. दुसऱ्याच्या दुकानात माल ठेवण्यावर न थांबता त्यांनी स्वतःच्या नावाची दुकानं काढली. अदिसनंतर तैवान, सिंगापूर, ऑस्ट्रिया, अमेरिका. घाऊक व्यापारात बनवणाऱ्याला एक भाव मिळतो आणि ग्राहक त्याच्या दुप्पट-तिप्पट भाव देतो. मधली रक्कम ज्याचं दुकान त्याची. ती रक्कम अदिसला परत यायची असेल तर दुकानही अदिसचं असावं लागतं.

आता याच काळात, याच देशात, चपलांच्याच संदर्भात चाललेला दुसरा एक प्रयोग पाहू. २००६मध्ये अमेरिकेत 'टॉम्स' ही कंपनी निघाली. एक जोडी विकत घ्या, आम्ही दुसरी जोडी एका गरीब मुलाला मोफत देऊ, अशी तिची योजना होती. तिने ज्या देशांत बूट वाटले त्यांत इथिओपियाही होता. हे वाटप निरर्थक होतं असं मी म्हणणार नाही. इथिओपियाच्या उंच प्रदेशांत ज्वालामुखीची लाल माती आहे. वर्षानुवर्षं तीत अनवाणी चालल्याने पाय सुजून हत्तीपायासारखा रोग होतो. त्याला पोडोकोनिओसिस म्हणतात आणि इथिओपियात सुमारे १५ लाख लोकांना तो असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा रोग डासाने होत नाही, जंतूने होत नाही. पायात बूट असेल आणि पाय धुतले जात असतील तर तो टळतो. ज्या मुलाला बूट मिळाला त्याचा पाय वाचला, ही लहान गोष्ट नाही.

प्रश्न आहे तो बूट कुणी शिवायचा हा. ज्या देशात गुरांची संख्या आफ्रिकेत सर्वाधिक गणली जाते, ज्याच्या डोंगराळ भागातल्या मेंढीचं कातडं जगात हातमोज्यांसाठी वाखाणलं जातं, ज्याच्या राजधानीत हजारो चांभार काम नाही म्हणून बसले होते, त्या देशाला फुकट बूट द्यायचे आणि ते बूट विकत घेण्याचा पैसा मात्र बाहेरच्या साखळीत फिरवायचा, हे मला पटत नाही. टॉम्सच्या वाटपाचा एल साल्वादोरमध्ये अर्थशास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक अभ्यास केला. मुलांच्या आरोग्यात किंवा स्वाभिमानात त्यांना उल्लेखनीय फरक दिसला नाही. उलट, बूट मिळालेल्या मुलांपैकी अधिक मुलं म्हणू लागली की आपल्या कुटुंबाच्या गरजा बाहेरच्यांनी भागवाव्यात. पुढे टॉम्सनेच एकास एक ही पद्धत सोडली. तीच मुलं आपल्या गल्लीतल्या कुणाला तरी बूट शिवताना आणि त्या कमाईतून पोरांची फी भरताना पाहतील, तर त्यांच्या मनात काय रुजेल? बुटाने पाय वाचतोच. पण तो गल्लीतच शिवला गेला तर त्या पोराचा बाप कामाला लागतो.

दुसरा मार्ग सरकारने निवडला, कारखान्यांचा. तो टॉम्सपेक्षा कितीतरी गंभीर आहे आणि त्याची टर उडवण्याचा माझा हेतू नाही. दहा कोटींहून जास्त लोकांच्या देशात सगळ्यांना हातसुताच्या बुटांवर काम मिळणार नाही. २०१२ साली चीनची हुआजियान कंपनी अदिसजवळच्या दुकेममध्ये बूट बनवू लागली. २०१६मध्ये हवासा इथे प्रचंड औद्योगिक पार्क उघडलं. कॅल्विन क्लाइन आणि टॉमी हिलफिगर हे ब्रँड जिच्या मालकीचे, ती पीव्हीएच कंपनी तिथे आली. आपल्या महाराष्ट्रातल्या रेमंड समूहानेही हवासात कपड्यांचा कारखाना काढला. तेव्हा ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची आहे, असं कुणी समजू नये.

या पार्कातल्या मुली बहुतेक सिदामा भागातल्या शेतकरी घरांतून आलेल्या. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या २०१९च्या एका अहवालात नोंद आहे, की नव्या कामगाराचं मूळ वेतन महिन्याला २६ डॉलर होतं. कपडे बनवणाऱ्या देशांत ते सर्वांत कमी. बांगलादेशात त्या वेळी ते ९५ डॉलर होतं. इतक्या पैशांत हवासात खोलीचं भाडं आणि जेवण भागत नव्हतं. पहिल्याच वर्षात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एवढं होतं, की जवळजवळ सगळी भरती पुन्हा करावी लागे. हे कुठल्या एका कंपनीचं पाप नव्हतं. आमच्याकडे मजुरी जगात सर्वांत स्वस्त आहे, अशी जाहिरात खुद्द सरकार गुंतवणूकदारांपुढे करत होतं. खासगी क्षेत्रासाठी इथिओपियाच्या कायद्यात किमान वेतनच नाही. ज्याची जाहिरातच स्वस्त म्हणून केली, त्याला महाग होण्याचा अधिकार उरत नाही. वेतन वाढलं की गिऱ्हाईक दुसऱ्या देशात जाणार, हे सरकार आणि गुंतवणूकदार या दोघांनाही माहीत असतं.

मग देशाच्या उत्तरेकडच्या टिग्राय प्रांतात युद्ध सुरू झालं. त्या युद्धामुळे अमेरिकेने १ जानेवारी २०२२पासून इथिओपियाला 'अगोआ'च्या सवलतींतून वगळलं. त्याआधीच, नोव्हेंबर २०२१मध्ये, पीव्हीएचने हवासातलं काम बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. ज्या मुलींचा युद्धाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्या मशिनी थांबल्या. शेड तिथेच राहिल्या, ऑर्डर गेल्या. कारण ऑर्डर कधीच हवासाच्या नव्हत्या. रचना न्यूयॉर्कची, किंमत न्यूयॉर्कची, ग्राहक न्यूयॉर्कचा, आणि निघून जाण्याचा निर्णयही न्यूयॉर्कचाच.

सवलत गेल्याचा फटका देशी ब्रँडलाही बसतो, हे उघड आहे. अमेरिकेत शुल्क भरून विकायचं म्हणजे भाव वाढवायचा किंवा नफा सोडायचा. पण ज्याचं नाव आणि ज्याची रचना स्वतःची आहे, तो तैवानमध्ये विकू शकतो, युरोपात विकू शकतो, घरी विकू शकतो. दुसऱ्याच्या नावाने शिवणाऱ्याकडे हा दरवाजा नसतो.

बेथलेहेम यांच्या गोष्टीवर काही आक्षेप आहेत आणि ते बिनबुडाचे नाहीत. पहिला असा, की ही एका हुशार, इंग्रजी बोलणाऱ्या, हिशेबात पक्क्या बाईची गोष्ट आहे आणि अपवादावरून धोरण ठरत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. ब्रँड झेनेबेवर्कचा आहे खरा, पण मालकी मालकाची आहे, कातणाऱ्या बाईची नाही. कंपनी सांगते की ती उद्योगातल्या सरासरीच्या तिप्पट वेतन देते. जागतिक फेअर ट्रेड संघटनेचं प्रमाणपत्रही तिने मिळवलं आहे. तरी चांगला मालक आणि कामगारांची स्वतःची संस्था यांत फरक राहतोच, आणि सहकाराच्या महाराष्ट्रात तो समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे साखर कारखान्यांचं पुढे काय झालं तेही आपण पाहिलं आहे, म्हणून सहकार हा शब्द उच्चारला की सगळं सुटलं, असंही मला म्हणवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याच्याशी भांडायचं तो मालक त्याच गावात असेल, त्याची दुकानं आणि त्याचे भाव डोळ्यांसमोर असतील, तर वाटा मागता येतो. मालक मिलानमध्ये बसलेला असेल तर मागणीचा कागद कुठल्या टेबलावर ठेवायचा हेच कळत नाही.

अपवादाच्या आक्षेपाला उत्तर देताना एका जुन्या गोष्टीकडे पाहावं लागतं. इथिओपियात हाताने काम करणाऱ्यांना शतकानुशतकं हीन लेखलं गेलं. विणकर, कुंभार, लोहार, कातडं कमावणारे यांच्याशी लग्नसंबंध नसत. अनेक भागांत त्यांना जमीन धरू दिली जात नसे. लोहाराची नजर लागते, अशी समजूत तर आजही काही ठिकाणी आहे. कारागिरांची हेटाळणी करू नये असा हुकूम सम्राट मेनेलिक यांना १९०८मध्ये काढावा लागला. हुकूम काढावा लागला यातच सगळं आलं. हे वाचताना मराठी माणसाला दुसऱ्या देशाची गोष्ट वाचतोय असं वाटणार नाही. आपल्याकडे ढोर समाजाने कातडं कमावलं, चर्मकारांनी चप्पल शिवली, घरातल्या बायकांनी तिच्या चामड्याच्या वेण्या घातल्या, आणि गावाने ती चप्पल पायात घालून त्याच माणसांना वेशीबाहेर ठेवलं.

अशा समाजात रचनाकार ही पदवी कारागिराला सहजासहजी मिळत नाही. ज्याने पिढ्यानपिढ्या नक्षी जपली तो 'कामगार', आणि ज्याने तिचा फोटो काढून कागदावर उतरवली तो 'डिझायनर'. बेथलेहेमसारखी उदाहरणं अपवाद राहतात याचं कारण हुशारी दुर्मीळ आहे हे नव्हे. कारागिराच्या मुलीला बँक कर्ज देत नाही. चिकटद्रव्य आणि सुया आणायला परकीय चलन मिळत नाही. ट्रेडमार्क नोंदवायला वकील परवडत नाही. इथिओपियात डॉलरची टंचाई वर्षानुवर्षं इतकी होती, की लहान उत्पादकाला साध्या बकलांसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागे. औद्योगिक पार्कातल्या परदेशी कंपनीला मात्र करमाफी होती, बांधलेली शेड होती आणि एकाच खिडकीवर सगळे परवाने मिळत होते. अपवाद धोरणातूनच तयार झाला आणि मग धोरण आखणारेच म्हणू लागले की अपवादावरून काही ठरत नाही.

कारागिराची नक्षी उचलण्याचा प्रश्न आफ्रिकेत सतत येतो. दक्षिण आफ्रिकेचे लादुमा न्गकोकोलो यांनी खोसा समाजाच्या मण्यांच्या कामावरून विणलेल्या स्वेटरांचा 'मखोसा' हा ब्रँड घडवला. २०१८मध्ये झारा कंपनीच्या मोज्यांवर त्यांच्या नक्षीशी विलक्षण साम्य असलेली नक्षी दिसली. न्गकोकोलो यांनी आवाज उठवल्यावर ते मोजे विक्रीतून काढले गेले. त्यांना आवाज उठवता आला, कारण नक्षी त्यांच्या नावावर आणि ब्रँडवर उभी होती. इथिओपियातल्या पारंपरिक झग्याच्या काठावरचं तिबेब विणकाम हल्ली परदेशी यंत्रांवर छापून येतं आणि मूळ विणकराच्या मालाच्या किमतीच्या एका अंशाला विकलं जातं. तिथे कुणी कुणाविरुद्ध तक्रार करायची? यंत्रमागावरच्या 'पैठणी'ने येवल्याच्या विणकराचं काय केलं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा प्रश्न नवा नाही.

आणि मग कोल्हापुरी. २०१९मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५मध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने मिलानमध्ये पुरुषांच्या पोशाखांचा जो शो केला, त्यात तशीच चप्पल मॉडेलांच्या पायात होती आणि तिच्या वर्णनात कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रातून ओरड झाली. कंपनीने भारतीय मूळ मान्य केलं. तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. त्यानुसार या दोन राज्यांत साधारण दोन हजार जोड बनणार आणि जोडाची किंमत सुमारे ८०० युरो असणार.

आपण हा विजय म्हणून साजरा केला. मला आनंद अर्धाच झाला. श्रेय मिळालं ही चांगली गोष्ट आहे, कारागिरांना काम मिळालं तर ती आणखी चांगली. पण ८०० युरो हा आकडा कुणी ठरवला? दुकान कुणाचं? चप्पल आवडली म्हणून दुसऱ्यांदा येणाऱ्या ग्राहकाचं नाव कुणाच्या वहीत जाणार? दोन हजार जोड संपल्यावर कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या कारागिराच्या हाती काय उरेल? प्राडाचं तंत्र शिकून तो स्वतःच्या नावाने विकू लागला तर उत्तमच, पण त्यासाठी त्याचं स्वतःचं नाव आधी कुठेतरी असायला हवं. भौगोलिक मानांकन नक्कल थांबवण्यासाठी असतं. भाव ठरवायला त्याची मदत होत नाही, तिथे ब्रँड लागतो.

ही लढाई आपण एकटेच देत नाही आहोत आणि इथिओपिया तर चपलांआधी कॉफीवर ती देऊन बसला आहे. २००५मध्ये सिदामो, हरार आणि यिर्गाचेफे ही आपल्या कॉफीची नावं इथिओपियाने अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला घेतली. तिथल्या कॉफी व्यापाऱ्यांच्या संघटनेने विरोध केला आणि या वादात स्टारबक्सवर जगभरातून टीका झाली. २००७मध्ये समझोता झाला. बेथलेहेम यांनी २०१६मध्ये 'गार्डन ऑफ कॉफी' सुरू केलं. कच्चे दाणे पाठवून देण्याऐवजी ते अदिसमध्येच हाताने भाजून, पॅक करून विकायचे, हा त्यामागचा विचार. चपलेतलं सूत्रच त्यांनी कॉफीला लावलं. कच्चं कातडं बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या निर्यातीवर १५० टक्के कर लावणाऱ्या इथिओपियन सरकारला हे सूत्र समजत होतं. फक्त कातडं देशात अडवल्यानंतर त्याचं पक्कं उत्पादन कुणाच्या नावाने जगात जावं, याचा विचार अपुरा राहिला.

मग करायचं काय? इथिओपियापुरतं सांगायचं तर हवासातल्या रिकाम्या शेडमध्ये देशी ब्रँडला त्याच अटींवर जागा द्यावी, ज्या परदेशी कंपन्यांना दिल्या होत्या. करमाफी तीच, परवान्यांची खिडकी तीच. शिवाय निर्यात केलेल्या मालातून आलेले डॉलर कच्च्या मालासाठी वापरण्याची मुभा. आणि खासगी क्षेत्रासाठी किमान वेतनाचा कायदा, म्हणजे चांगला पगार देणाऱ्या कंपनीला २६ डॉलरवाल्याशी स्पर्धा करावी लागणार नाही.

आपल्यापुरतं सांगायचं तर संत रोहिदासांच्या नावाने चालणाऱ्या आपल्या महामंडळाने, लिडकॉमने, कोल्हापुरीची स्वतःची विक्रीव्यवस्था उभी करावी. प्रत्येक जोडावर ती कुणी शिवली त्या घराचं किंवा गटाचं नाव असावं. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर आणि लंडन, दुबईसारख्या मराठी माणसांची वर्दळ असलेल्या शहरांत तिची दुकानं असावीत आणि त्यांचा नफा कारागिरांच्या संस्थेकडे जावा. चांगलं कातडं मिळण्यातल्या अडचणींवर उघड बोलावं. २०१५च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर कोल्हापुरीसाठी लागणाऱ्या जाड कातड्याची टंचाई झाली, असं कारागीर सांगत आले आहेत आणि त्यावर उत्तर शोधणं सरकारचंच काम आहे. प्राडाच्या कराराबाबत एक मागणी तर आजच करता येईल. ८०० युरोच्या प्रत्येक जोडामागे कातडं कमावणाऱ्याला किती, तळ शिवणाऱ्याला किती आणि वेणी घालणाऱ्या बाईला किती मिळणार, हे आकडे लिडकॉमने जाहीर करावेत, आणि पुढच्या करारात किंमत ठरवताना त्या तिघांचे प्रतिनिधी टेबलावर बसलेले असावेत.